थांबा अत्ती, पाणी पिते

हिरवा उजेड यायचा थांबला तेव्हा मी राक्षसाच्या समोर उभी होते. ढाल वर धरलेली होती. मी मार खायचा, आणि मागून महानंदाचा हिरवा उजेड अंगावर पडला की माझ्या जिवाची ओसरलेली लाल पट्टी पुन्हा भरायची, असं आमचं चालायचं. तो उजेड पडेना. कानात घातलेल्या मोबाईलच्या बोंडातून देगलूरचा गफूर ओरडत होता, "भाभी, अम्मा को देखो, अम्मा जा रही हैं." भाभी म्हणजे महानंदा, अम्मा मी. नांदेडची जसप्रीत म्हणाली, "ताईचं नेट गेलं असेल." मलाही तेच वाटलं. सकाळची वेळ होती. मी उदगीरला आमच्या घरी खाटेवर मोबाईल घेऊन बसले होते आणि महानंदा लातूरला दवाखान्यात, रक्त धुवायच्या मशीनला जोडलेली, तिच्या मोबाईलवर. मी म्हणाले, "महानंदा, आहेस का गं?" तिकडून मशीनची शिट्टी ऐकू आली. मग कुणाच्या तरी चपला. मग "सरका, सरका" असं कुणीतरी म्हणालं, आणि पुढं काहीच नाही... मी जागची हलले नाही. हलायचं नाही, हे तिनंच मला शिकवलं होतं.

थोड्या वेळानं शिवराजचा फोन आला. शिवराज माझा मुलगा, महानंदाचा नवरा. तो तिथं बाहेर बाकावर बसलेला होता. म्हणाला, "आई, संपलं." मी विचारलं, "काय संपलं?"

महानंदा माझी सून. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं म्हणतात, लई गुणाची होती, तोंडातून शब्द निघत नव्हता. त्यांनी दुसरीच कुणी बघितली असेल. आमची महानंदा भांडायची. साड्यांना फॉल-पिको करायची, तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची की हा रंग तुम्हाला शोभत नाही. मलाही सोडायची नाही. एकदा माझ्या भाकरीला म्हणाली होती, "अत्ती, ही भाकर हाय का पाटीचा फुटका तुकडा?" आमच्याकडं, कानडी मुलुख जवळ म्हणून, सासूला अत्ती म्हणतात. नुसतं अत्ती म्हणायची तरी तिच्या आवाजावरून मला कळायचं की आज काय बिनसलंय.

तिच्या किडन्या गेल्या. कशानं, ते डॉक्टरनं दोनदा सांगितलं, मला दोन्ही वेळेस कळलं नाही. आठवड्यातून दोनदा लातूरला जायचं आणि अर्धा दिवस मशीनवर पडून राहायचं. ती सांगायची की सुई टोचलेला हात हलवता येत नाही, झोप येत नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं तोंड बघून बघून पाठ झालंय. मग दुसऱ्या हातानं खेळता येईल म्हणून तिनं मोबाईलवर हा खेळ घेतला. त्यात जगभरातली माणसं असतात आणि पाच-पाच जण मिळून भुयारात उतरतात. पोरं त्याला डंजन म्हणतात. आत राक्षस असतात. एकानं पुढं उभं राहून मार खायचा, एकानं मागून त्याला बरं करायचं, तिघांनी मारायचं. महानंदानं बरं करायचं काम घेतलं होतं. जगभरातल्या माणसांत तिला भेटला तो देगलूरचा गफूर, पंक्चरच्या दुकानात बसून खेळणारा, आणि जसप्रीत, नांदेडच्या शाळेत शिकवते ती. पाचवा रोज नवा असायचा.

लातूरहून ती यायची ती चिडूनच. एक दिवस पिशवी आपटून म्हणाली, "मेल्यांना थांबायला येत न्हाई."

"कुणाला?"

"टँकला. पुढं उभा राहतो तो टँक. पळतच सुटतो. मी मागं बसून पाणी पिऊन राहिले, की हा पुढल्या दारात. मग मरतो, आणि शिव्या मला."

त्या खेळात बरं करणारीचा दम संपतो. तिची एक निळी पट्टी असते. ती संपली की खाली बसून पाणी प्यायचं, मग पुन्हा भरते. पाणी पिईपर्यंत पुढच्यानं थांबायला पाहिजे. कुणी थांबत नव्हतं. आणि घरात तिचं पाणी मोजून होतं. अंगात पाणी साठतं म्हणून डॉक्टरनं दिवसाला एक छोटा तांब्या ठरवून दिला होता. तो तांब्या माझ्या ताब्यात होता. उन्हाळ्यात ती माठाजवळून गेली तरी मी मान वर करून बघायची. तीसुद्धा मुद्दाम माठाला हात लावून जायची, मला दाखवायला.

मी म्हणाले, "मी होते तुझी टँक. मला गुडघ्यांनी पळता येत नाही, मी कुठं जाणार."

ती हसली. माझ्या शिवराजनं तर विचारलं, "आई, तुला रिचार्ज करता येत नाही, राक्षस काय मारणार?" मी चौथी शिकलेली. इंग्रजी येत नाही. पण बटणांवर चित्रं असतात, आणि ढाल तर मला कळते.

माझा एक गैरसमज मात्र बरेच दिवस होता. टँक म्हणजे मी टँकर समजत होते, पाण्याचा. आमच्याकडं दुसरं काय समजणार? लढाईचा रणगाडा मी कधी बघितला नाही, टँकर मात्र गल्लीत येताना पुष्कळ वेळा बघितला. हे एकदा बोलण्यात आलं तेव्हा गफूर दुकानात बसून इतका हसला म्हणे, की गिऱ्हाईक पंक्चर न काढताच गेलं. महानंदा हसली नाही. ती म्हणाली, "बरोबर समजल्या तुम्ही. टँकर आला की काय होतं? सगळी गल्ली त्याच्यावर तुटून पडती. टँकर पळतो का? उभा राहतो. दुसऱ्या कुणाकडं लोकांचं ध्यान जातं का? न्हाई. बस, तेवढंच करायचं." पुढं मी उशिरा आले की गफूर सगळ्यांना सांगायचा, "टँकर आया, हंडे निकालो."

पहिल्यांदा उतरले तेव्हा मी वाट चुकले आणि दिसेल त्या राक्षसाला धक्का देत गेले. मागं वळून बघते तर सगळे माझ्या पाठीमागं. तशीच त्यांना घेऊन आपल्या माणसांत आले. "अम्मा, बारात लेके आयीं क्या?" गफूर म्हणाला, आणि मेला. सगळेच मेलो. तिथं मेलं की पुन्हा उठता येतं, दारापासून चालत यावं लागतं एवढंच. दुसऱ्या वेळी एक आग ओकणारा होता. मी त्याला नीट धरून ठेवला, पण त्याचं तोंड आमच्या माणसांकडं, त्यामुळं माझ्यासकट सगळे भाजले. महानंदा म्हणाली, "अत्ती, त्याचं तोंड भिंतीकडं करा. आपण त्याच्या आणि भिंतीच्या मधी उभं राहायचं." हे मला लगेच जमलं. लाथ मारणारी म्हैस कोपऱ्यात कशी वळवायची ते मला येतं. जसप्रीत म्हणाली, "आजी, तुम्ही तर तयारच होऊन आलात."

सगळ्यात अवघड होतं ते डिवचायचं बटण. राक्षस मधेच माझ्यावरून ध्यान काढतो आणि बरं करणारीच्या अंगावर जातो, कारण ती सगळ्यांना जगवत असते, हे त्यालाही कळतं. तेव्हा ते बटण दाबलं की तो चिडून परत आपल्याकडं वळतो. महानंदा म्हणाली होती, "लोकांना डिवचायचं तुम्हाला कशाला शिकवावं लागतंय." पण ते बटण मला घाईत सापडायचं नाही. बाकीच्यांसारखंच गोल, त्यात एक लाल तोंड. एकदा ते शोधता शोधता महानंदा मेली. मेली म्हणजे खेळात. ती माझ्या शेजारीच, खाटेवर बसलेली होती. तिनं कपाळाची टिकली काढली आणि माझ्या मोबाईलच्या काचेवर, त्या बटणाच्या शेजारी, चिकटवली. म्हणाली, "आता काय बघायचं न्हाई. टिकलीजवळ दाबायचं."

त्यानंतर ती माझ्या हातून मेली नाही.

आमचं बरं चाललं. मी दारात थांबायची. आत राक्षस फिरत असायचे, मी उंबऱ्यावर ढाल टेकवून उभी. मागून ती म्हणायची, "थांबा अत्ती, पाणी पिते." मी म्हणायची, "पी." ती खाली बसायची आणि प्यायची. घोट घोट नाही. पट्टी काठोकाठ भरेपर्यंत. एखादा पाचवा चिडायचा, इंग्रजीत काहीतरी टाकायचा. जसप्रीत वाचून दाखवायची, "म्हणतोय, म्हातारी फार हळू आहे." मी म्हणायची, "म्हातारीच आहे, दुसरं काय म्हणणार." तो निघून जायचा, दुसरा यायचा. तिचं पाणी पिऊन झाल्याशिवाय मी कधी आत पाय ठेवला नाही. आणि खेळ संपवून मोबाईल खाली ठेवला की तीच महानंदा माझ्याकडं हात पुढं करायची आणि मी तांब्यातले दोन घोट वाटीत ओतून द्यायची. ती वाटी उलटी करून दाखवायची. "संपलं बघा." मी म्हणायची, "संपलं तर संपलं."

मी माझी किडनी देते म्हणाले होते. लातूरच्या डॉक्टरनं माझं वय बघितलं, साखर बघितली, आणि आजी तुम्ही घरी जा म्हणाला. मी म्हणाले, "माझ्या जिवाचं मी बघीन, तुम्ही काढा." तो म्हणाला, तसं करता येत नाही. शिवराजची जुळली नाही. तिच्या माहेरच्यांचं नाव मी काढत नाही. मग किडनीच्या यादीत नाव घालून बसलो. तिचे पाय सुजायचे, चेहरा सुजायचा, मशीनवरून आली की सूज उतरायची, पुन्हा चढायची. भुयारात मला सगळं कळत होतं. कुठं उभं राहायचं, कधी ढाल वर करायची, त्यानं तोंड फिरवलं तर काय दाबायचं. घरात मी तिच्या समोर बसलेली असायची आणि तो आजार माझ्याकडं बघतही नव्हता. मी त्याच्या आणि तिच्या मधी कुठं उभी राहू, ते मला कुणी सांगितलं नाही. सांगायला कुणाला येतही नव्हतं.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. महानंदालाही बसवली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मांडी घातलेली, बेलाची पानं. बायका रडत होत्या. स्वामींनी तोंडात तीर्थ घातलं, एक पळी. मी म्हणाले, "अजून घाला." स्वामींनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "आई, एवढंच असतं." शिवराजनं माझा हात धरला. तिथंही मोजूनच... खड्ड्यात ती तशी बसलेली, डोळे मिटलेले, जशी खेळात खाली बसायची तशी. मला वाटलं आपण थोडं थांबावं. लोकांना घाई होती, ऊन होतं.

दहा-बारा दिवसांनी जसप्रीत नांदेडहून आली आणि गफूर देगलूरहून. दोघांना पहिल्यांदाच बघितलं. गफूर माझ्यापेक्षा बुटका निघाला. चहा घेतला. महानंदाच्या शिलाई मशीनकडं बघत गफूर म्हणाला, "अम्मा, नक्को छोडो खेलना. टँकर नसला तर आम्ही काय करावं?" मी म्हणाले, बघू. आता मी कधी कधी उतरते. बरं करायला दुसरं कुणी तरी येतं, पोरगं असतं की पोरगी, मला माहीत नसतं. चांगलं खेळतात. मी दारात थांबते. त्यांना पाणी प्यायचं नसलं तरी थांबते. गफूर आणि जसप्रीत काही म्हणत नाहीत, नवा असतो तो विचारतो की का थांबलात, आणि जसप्रीत त्याला काहीतरी लिहून पाठवते. मोबाईलच्या काचेवर टिकली आहे. कड उचलली गेली आहे, मी नखानं दाबून बसवते. आता बटण न बघता सापडतं.

त्या सकाळचं एवढंच सांगायचं राहिलं. शिवराजचा फोन यायच्या आधी तो राक्षस पडला. कसा पडला, मला माहीत नाही. गफूर मेला होता, जसप्रीत मेली होती, पाचवा तर आधीच मेला होता. माझी लाल पट्टी नखाएवढी उरली होती. मी मागं वळून बघितलं. महानंदा उभी होती. तिला एक ओरखडा लागलेला नव्हता. तिची लाल पट्टी भरलेली, निळी पट्टी भरलेली, पाणी प्यायला बसायची गरज नव्हती. मी तिला म्हणाले, "चल, झालं." ती उभीच होती. मग फोन वाजला.

गफूर आणि जसप्रीत दारापासून उठून चालत आले. महानंदा गेली. मी वाचले.