गणाचं बोट

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या चष्म्याच्या डबीत, एका दगडी गणाचं बोट आहे, आणि ते मोडल्याची शिक्षा माझे मामेसासरे बारा वर्षं भोगताहेत. शिक्षा व्हावी तीही कुणाला? देवांच्या हाडांची एवढी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही.

मामाजी बार्शीटाकळीचे, हाडं बसवणारे. निखळलेला खांदा गप्पा मारता मारता जागेवर आणत. रोगी 'आई गं' म्हणेपर्यंत त्याच्यापुढे चहा आलेला असे. पण त्यांचा जीव लेण्यांत. मूर्ती दिसली की आपण हात जोडतो, हे सांधे तपासत. वेरूळला कैलास हलवणाऱ्या रावणापुढे सगळे थक्क उभे, आणि मामाजी हळहळताहेत, "पाठीतून उचलून राहिला, जवाई! गुडघ्यात वाकाले काय झालं होतं याले? कंबर गेली समजा." तांडव करणाऱ्या शिवाला त्यांनी तीन आठवडे पाय न टेकण्याची सूचना दिली. महिषासुरमर्दिनीचे हात मोजून म्हणाले, "इतके हात अन् खांदे दोनच! बाई कण्हत असन." सहलीतल्या एका बाईंनी त्यांना तिथले डॉक्टर समजून आपला गुडघा पुढे केला. तोही त्यांनी बघितला.

आमच्याकडच्या डोंगरात एक लहानसं लेणं आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे कळेलच. दाराशी शिवाचा एक ढेरपोट्या गण बसलाय. महाशिवरात्रीला लोक आत पिंडीला बेल वाहत, तेव्हा मामाजी बाहेर गणाच्या मनगटाला कोमट तिळाचं तेल चोळत. "उतरलं आहे मनगट. इतकी वर्षं झाली, कोणी पाह्यलं नाही बिचाऱ्याले."

बारा वर्षांपूर्वी ते तेलकट हात धुवायला टाक्यावर गेले. मी संत्र्यांची भरगच्च पिशवी, सोयीचा दिसला म्हणून, गणाच्या हाताला अडकवली. कट्. बोट सरळ संत्र्यांत. मी पिशवी घेऊन बाजूला झालो. मामाजी आले. गणाचा हात बघितला, मग बराच वेळ स्वतःचे.

"जवाई, माह्या हातानं गेलं."

माझ्या तोंडात संत्र्याची फोड होती. ती गिळून बोलता आलं असतं. मी नुसतीच गिळली.

त्या दिवसापासून त्यांनी हाडाला हात लावला नाही. गावोगावची माणसं हात गळ्यात बांधून येत आणि "दवाखान्यात जा बाप्पा" ऐकून परत जात. पुढच्या वर्षी परतवाड्याच्या स्टँडवर पडून माझंच मनगट निखळलं. थेट त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "माह्याजवळ दगड टिकला नाही. तुमी तं हाडामासाचे." मग प्लास्टर झालं, ते मी कंटाळून आधीच कापलं, आणि आता माझं मनगट हुबेहूब गणासारखं दिसतं. त्याच हाताने हे लिहितोय.

मामाजी अजूनही महाशिवरात्रीला तिथे जातात. तेल कोमट करून नेतात, गणापासून चार पावलं लांब बसतात आणि वाटी भरलेलीच परत आणतात. यंदा मी विचारलं, "मामाजी, लावत काहून नाही?"

"त्याले माह्या हाताचं भेव वाटन, जवाई."

गणाचं मी एक बोट देणं लागतो. मामाजींचं एक वाक्य देणं लागतो: पिशवी माझी होती.