घे, आईशी बोल

अतुलराव चांदोरकरांनी साठीला टेकल्यावर पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा डब्लिनच्या मराठी मंडळाला चार दिवस दुसरा विषय नव्हता. हे ओहायोतलं डब्लिन, कोलंबसच्या कडेचं. इथं निम्म्या मराठी लोकांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात आणि उरलेल्यांच्या जिभेवर. अशा गावात सांगलीचा इंजिनिअर, वर अमेरिकेतली मास्टर्स, आयुष्यभर इन्शुरन्स कंपनीची सॉफ्टवेअर सांभाळून निवृत्त झालेला माणूस कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री करतो, तीही ऑनलाइन, तीही बिहेवियरल सायन्समध्ये, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"अरे यार, करायचीच तर पीएचडी कर," गणपतीच्या महाप्रसादाला शेजारच्या विक्रमने हातातली प्लेट सावरत सल्ला दिला. "असोसिएट म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या जरा वर. कुणाला सांगणार आहेस?"

"टाइमपास आहे रे," अतुलराव म्हणाले.

ते साफ खोटं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी रुही त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती आणि ती का बोलत नाही हे त्यांना कळत नव्हतं. भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. माणसं जशी वागतात तशी का वागतात हे शिकवणारा विषय, असं कॉलेजच्या वेबसाइटवर वाचलं आणि आतल्या इंजिनिअरला वाटलं, चला, मॅन्युअल सापडलं.

रुही मिनियापोलिसला नाटकांच्या प्रकाशयोजनेचं काम करते. अतुलरावांच्या मते तो छंद होता आणि ती अजून नोकरी शोधत होती. पण बेबनावाचं कारण तेही नव्हतं. आई होती तोवर रुहीचा रविवारचा फोन कधी चुकला नव्हता.

त्या फोनची एक रीत ठरून गेली होती. रिंग वाजली की अतुलराव उचलायचे. "सगळं ठीक ना? गाडी नीट चालतेय? ऑइल चेंज केलंस? बरं, घे, आईशी बोल." आणि फोन सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या दीपाच्या हातात. मग मायलेकींचं तासभर चालायचं. कोण कुणाला काय म्हणालं, वरण पातळ का झालं, रूममेटचं मांजर आजारी आहे. अतुलराव समोर बसून आयपॅडवर बातम्या वाचायचे आणि फोन ठेवला की त्यांना वाटायचं, आज मुलीशी बोलणं झालं. कितीतरी मराठी बाप याच समजुतीत सुखानं म्हातारे झालेत. अतुलरावही झाले असते. पण दीपा कॅन्सरनं गेली.

ती गेल्यावरही फोन येत राहिले, काही महिने. "सगळं ठीक ना? गाडी?" इथवर यायचं, आणि पुढे फोन द्यायला कुणी नसायचं. "बरं मग," ते म्हणायचे. "ओके बाबा," ती म्हणायची. रविवारचा फोन महिन्यावर गेला, मग सणावारी, आणि शेवटी वाढदिवसाला फोनऐवजी केकचं चित्र यायला लागलं.

घर मोठं होतं. जेवताना अतुलराव टीव्ही लावून ठेवायचे. बघायचे नाहीत, कुणीतरी बोलत असावं, एवढ्यासाठीच. मंडळात लोक प्रेमानं वागायचे, पण कार्यक्रम संपला की जो तो आपापल्या मिनीव्हॅनमध्ये बसून जायचा. पार्किंग लॉटमध्ये चांदोरकरांची गाडी शेवटी निघायची. घाई कसली होती?

आता कॉलेजचं. ऑनलाइन वर्गात बाक नसतात, तोंडं दिसत नाहीत. असतो तो डिस्कशन बोर्ड. प्राध्यापक दर आठवड्याला एक प्रश्न टाकतात, प्रत्येकानं आपलं उत्तर लिहायचं, आणि शिवाय वर्गातल्या कुठल्याही दोघांच्या उत्तरावर काहीतरी लिहायचं. ते सक्तीचं. कुणाला लिहायचं ते ज्यानं त्यानं निवडावं. प्रत्येकाच्या उत्तराखाली किती जणांनी लिहिलं तो आकडा दिसतो.

अतुलरावांच्या खाली शून्य दिसायचं. दर आठवड्याला शून्य.

त्यांना कळेना. त्यांचं उत्तर म्हणजे नमुना असायचा. आधी व्याख्या, मग प्रकार, मग आकृती, फायदे, मर्यादा, शेवटी सारांश. सांगलीच्या परीक्षकानं डोळे मिटून पैकीच्या पैकी दिले असते. बाकीची मंडळी मनाला येईल तसं लिहायची. केंटकीत स्कूलबस चालवणारी डेनिस नावाची बाई तर स्पेलिंगचाही मुलाहिजा ठेवायची नाही. "माझ्या बसमध्ये एक मुलगी आहे, रोज चढताना मला बूट दाखवते. बूट तेच असतात. मी तरी रोज म्हणते, वा!" एवढंच तिचं उत्तर. ना व्याख्या, ना आकृती. आणि त्याच्याखाली सगळा वर्ग लोटलेला. अतुलरावांनी तिलाही सक्तीचं उत्तर दिलं होतं: "छान. मात्र व्याख्या अपूर्ण आहे." इतकं झाल्यावर यांच्या वाटेला कोण जाणार?

सक्ती असूनसुद्धा आपल्याला कुणी निवडत नाही, हे त्यांना फार लागलं. ऑफिसात असं कधी लागलं नव्हतं.

मग तो धडा आला. वागणूक विझते कशी, याचा. पिंजऱ्यातलं कबूतर बटणावर चोच मारतं, दाणा पडतो. पुन्हा मारतं, पुन्हा दाणा. मग दाणा पडायचा बंद होतो. कबूतर काही वेळ चोच मारत राहतं, उलट जास्तच जोरात मारतं, आणि मग थांबतं. प्रश्न होता: तुमच्या आयुष्यातलं उदाहरण द्या. अतुलरावांनी व्याख्या दिली, कबुतराची सुबक आकृती काढली आणि सारांश लिहिला. शून्य. प्राध्यापक हॉलिसबाईंनी मात्र खाली एक ओळ टाकली होती. "अतुल, सगळं अचूक आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

त्यांना रागच आला. अचूक आहे म्हणते आणि वर खुसपट काढते! त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि गराज झाडायला घेतलं. झाडलेलंच गराज पुन्हा झाडलं. मग आत येऊन कालची खिचडी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. रविवारची सकाळ होती. मायक्रोवेव्ह बंद झाल्याचा बीप वाजला आणि अतुलराव सवयीनं फोनकडे वळले. फोन गप्प होता. ते तिथंच उभे राहिले आणि त्यांना एकदम ते कबूतर दिसलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, दाणा बंद झाला तो आपला. बिचारा बाप, मुलगी विसरली. पण चोच तर ती मारत होती, दर रविवारी, कितीतरी महिने. दाणा यांनी टाकला नव्हता.

खिचडी तशीच ठेवून ते बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच व्याख्येशिवाय उत्तर लिहिलं. फोनची रीत लिहिली, सोफ्याचा कोपरा लिहिला. "मला वाटायचं मी मुलीशी बोलतो. मी फक्त फोन उचलत होतो," असं लिहिलं आणि सारांश न लिहिता पाठवून दिलं.

दुपारपर्यंत खाली रांग लागली. सगळ्यात आधी डेनिस. "हे आम्हाला का सांगताय? तिला सांगितलंत का?"

तिला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? त्यांनी मेसेज लिहायला घेतला. थंडी वाढली आहे, टायरमधली हवा बघ. खोडलं. बराच वेळ बसले आणि मग लिहिलं, "रुही, मला एकट्याला करमत नाही." इंग्रजी अक्षरांत, मराठीत. पाठवलं आणि लाजून फोन उशीखाली ठेवला.

उशी थरथरायला लागली.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड? छातीत दुखतंय? विक्रमकाका आहेत तिथे? मी नाइन वन वन कॉल करू?"

"अगं, काही झालं नाही. मी बरा आहे."

"देन व्हाय वुड यू से दॅट?"

"खरं आहे म्हणून."

आपण मन मोकळं केलं तर मुलीला ॲम्ब्युलन्स बोलवावीशी वाटते, हे अतुलरावांच्या काळजात कट्यारीसारखं गेलं. आणि त्यांचा हात, त्यांना न विचारता, कानापासून दूर झाला आणि फोन घेऊन सोफ्याच्या कोपऱ्याकडे गेला. कोपरा रिकामा होता. त्यांनी फोन परत कानाला लावला.

"तू काय करत होतीस आत्ता?" त्यांनी विचारलं.

"व्हाय?"

"असंच."

"रिहर्सल आहे. ब्रेकमध्ये आहे." ती घुटमळली. "बाबा, आय हॅव टु गो. यू शुअर यू आर ओके?"

"हो, हो."

तिनं फोन ठेवला. पुढचा सगळा आठवडा फोन आला नाही. पुस्तकात तेही लिहिलं होतं. विझलेली वागणूक एका दाण्यानं परत येत नसते. रविवार उजाडला. मायक्रोवेव्ह वाजला, फोन गप्पच. अतुलराव फोनकडे बघत बसले आणि त्यांच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत त्यांनी मुलीला स्वतःहून फोन केलेलाच नाही. लावायची ती दीपा, नाहीतर रुही. बापाकडे फोन नुसता यायचा.

त्यांनी नंबर लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. ते तोंडातल्या तोंडात वाक्यांची तयारी करत होते, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा.

"बाबा?" रुहीचा झोपेतला, घाबरलेला आवाज आला. "सगळं ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे," अतुलराव म्हणाले, आणि तिनं ओके म्हणायच्या आत घाईघाईनं म्हणाले, "पण ठेवू नकोस."