बांधलेला चांगला हात

व्यायामोपचार केंद्रात समोरच्या टेबलावर एक आजोबा शेंगदाणे उचलून वाटीत टाकत होते. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेला, म्हणून तिथल्या व्यायाम घेणाऱ्या मुलीने त्यांचा धडधाकट डावा हात जाड मोजा चढवून बांधून ठेवला होता. लुळ्या हातालाच काम करू दिलं की मेंदू आपणहून नवी वाट शोधतो, असं ती म्हणाली होती. एक दाणा वाटीच्या काठापर्यंत आला, पडला. आजोबांनी पुन्हा बोटं जुळवली.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या चिरंजीवांना पितृभक्तीचा उमाळा आला. "राहू द्या हो बाबा, किती तो त्रास!" म्हणत त्यांनी दाणा उचलून बाबांच्या तोंडात घातला आणि कोणी पाहिलं का, म्हणून इकडेतिकडे नजर टाकली. मी पाहिलं. आपल्याकडे आजाऱ्याला भरवणं म्हणजे सेवा, आणि तीही चारचौघांत दिसायला हवी. मेंदू बिचारा आत रान तुडवत पायवाट पाडतोय, आणि हे त्याला उचलून परत घरी आणून बसवतात. वर अक्रोड आणतात, मेंदूसारखे दिसतात म्हणून! किळस आली मला त्या मायेची.

मग आतल्या खोलीतून माझे यजमान आले. त्यांचाही उजवाच हात गेलेला. शर्टाचं एक बटण त्यांनी त्याच हाताने लावलं होतं, भलत्याच काजात.

"बघ," ते म्हणाले.

"अगंबाई, वाकडं लागलंय की!" म्हणत मी ते काढून नीट लावलं.

समोरचे चिरंजीव माझ्याकडे बघून कौतुकाने हसले.