सुवार्ताबाईंचा लेंट

सुवार्ताबाई शेलार इंदापूरला नर्स होत्या, आणि सव्वीस वर्षं लोकांच्या चुका सुधारत आल्या होत्या. कुणी विचारो न विचारो. सुनेचं पीठ सैल झालं की सांगायच्या. चर्चमध्ये वचन वाचताना कुणी अडखळलं, तर पहिल्या बाकावरून मोठ्यानं शब्द पुरवायच्या.

१९९६च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात, पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "मटण सोडून लीनता येत नाही. जे सोडताना जीव जड होतो, ते सोडा." बाईंना ते लागलं. घरी येऊन त्यांनी देवाला शब्द दिला, चाळीस दिवस कुणाची चूक काढायची नाही.

तिसऱ्याच दिवशी पश्चात्ताप झाला. सुनेनं, दिपालीनं, आमटीत दोनदा मीठ घातलं. बाईंनी मुकाट्यानं ताट संपवलं, तर दिपाली घाबरून नवऱ्याला विचारते, "आईंना बरं न्हाय का ओ?" रविवारी चर्चमध्ये वचन वाचताना मोहनरावांनी 'परुशी' हे जुन्या यहुदी पंथाचं नाव 'पुरुषी' असं वाचलं, तेही चार वेळा. बाईंनी तोंडात रुमाल कोंबला.

दुसऱ्या आठवड्यात एका खेड्यात लसीकरण होतं. नवी नर्स रोहिणी लशीचा डबा उचलायला आली, तर "राहू दे, मीच घेते," म्हणत बाईंनी तो स्वतः भरला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसल्या. शाळेच्या ओट्यावर सकाळपासून सतरा बायका लेकरं घेऊन थांबल्या होत्या.

रोहिणीनं डबा उघडला. "बाई, झाकण नीट लागलंच नव्हतं. बर्फाचं पार पाणी झालंय. ही लस न्हाय देता यायची."

'तू शाळेत होतीस तेव्हापासून मी लस देतेय!' वाक्य बाईंच्या दातांपर्यंत आलं. कशाला दिला असला शब्द देवाला! त्यांनी डब्यात हात घातला. पाणी कोमट होतं.

"रोहिणी बरोबर सांगतेय," त्या बायकांना म्हणाल्या. "झाकण मीच नीट लावलं नाही. चूक माझी. पुढच्या गुरुवारी परत यावं लागेल."

लांबच्या वस्तीवरून नातवाला घेऊन आलेली प्रयागबाई उठली. "तुमी बी चुकता व्हय, नर्सबाई? मागं मला दोन दिस उशीर झाला, तर केवढं बोलला हुता! आता मी बोलू का?"

"बोला."

आणि ती बोलली की! अर्धा तास. बाई उभ्यानं ऐकत राहिल्या. कान नुसते तापले होते. लीन झालं की मन शांत होतं असं त्या ऐकून होत्या. कसलं शांत?

गुरुवारी सोळाजणी आल्या, प्रयागबाई आली नाही. लशीचा डबा आणि रोहिणीला घेऊन बाई भर उन्हात दोन मैल चालत तिच्या वस्तीवर गेल्या.

"म्हशीचं वैरणपाणी हुईस्तवर बसा," ती गोठ्यातून म्हणाली.

रोहिणी चिडली. "बाई, मी बोलू का त्यांना?"

"नको," बाई म्हणाल्या आणि पोत्यावर टेकल्या. तासाभरानं नातू आला. सुई टोचताच त्यानं वस्ती डोक्यावर घेतली. प्रयागबाईनं त्याला बाईंच्या मांडीवर टाकलं आणि चहा ठेवायला आत गेली. नातवानं त्यांचं पांढरं लुगडं भिजवलं. रोहिणी पदराआड हसायला लागली.

"हसतेस काय?" बाई म्हणाल्या. "फडकं आण."