ज्वारीच्या डब्यातला फोन

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. शेंद्र्याच्या कारखान्यात नऊ वर्षं झाली, पण साहेबांचा फोन आला की मी आजही खुर्चीतून उठून उभा राहतो. (घरी असलो तरी!)

त्या दिवशी अकरापर्यंत तपासणीचा अहवाल पाठवायचा होता. उशीर झाला असता तर माझी बदली कायमची रात्रपाळीला. म्हणून घरून काम करायची परवानगी काढली आणि ठरवलं, नऊ ते अकरा मेल नाही, मीटिंग नाही, फोन नाही. मोह नको म्हणून फोन स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या डब्यात खोल पुरला, मधे हाक मारू नको असं आईला बजावलं आणि दार लावून बसलो.

पहिला तास नुसता घाबरण्यात गेला. कोणाचा मेल आला असेल? साहेबांनी अचानक मीटिंग लावली असेल? तासाभरात मी अहवालावर फक्त तारीख घातली. दहा वाजता राहवेना म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर डबाच नाही!

"आई, ज्वारीचा डबा कुठंय?"

"गिरणीत दिला की दळायला," आई म्हणाली. "मधी हाक मारू नको म्हनलास, म्हनून इचारलं नाय."

घरातल्या अर्ध्या चड्डीवर मी उस्मानपुऱ्याच्या भर रस्त्यातून पळत सुटलो. गिरणी धडधडत होती. फोनचं पीठ झालं आणि पाठोपाठ नोकरीचंही, असं समजून मी दारातच डोळे मिटून घेतले.

गिरणीवाल्या चाचांनी दळण ओतताना सापडलेला फोन पुसून माझ्या हातात दिला. "कोई साब का फोन था. मैं बोला, अभी काम चालू है, बाद में करो. और काट दिया."

नऊ वर्षांत जे माझ्या तोंडून निघालं नव्हतं, ते चाचांनी एका दमात सांगून टाकलं होतं! आता रात्रपाळी सोडा, गेटच्या आतही कोणी घेणार नव्हतं. साहेबांना फोन लावला. (उभाच होतो.)

"काम चालू आहे म्हणे," साहेब म्हणाले. आवाज चक्क नरम होता. "चालू द्या. चारपर्यंत पाठवा."

अहवाल तीनलाच गेला आणि रात्रपाळी टळली. तेव्हापासून चाचांचं ते वाक्य मी रोज आरशासमोर म्हणून बघतो, अगदी ठणकावून. फोन तेवढा आधी बंद करून ठेवतो. न जाणो, साहेबांनी ऐकलं तर!