दोन ठोके म्हणजे थांब

बारक्या हे नाव अडतीस वर्षांपूर्वी त्याला अगदी शोभून दिसायचं. तेव्हा तो काडीसारखा होता. छताजवळच्या हातभर रुंद भोकात खांद्यापर्यंत शिरायचा आणि आतूनच विचारायचा, "अजून पुढे जाऊ का?" आता साठी दोन वर्षांवर आलीय, शर्टाची बटणं पोटाला घाबरून असतात, शिडीच्या पाचव्या पायरीला दम लागतो. पण नाव काही सुटलं नाही. नावाला कसली आलीय लाज!

सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा तो नव्या मशीनचा फिल्टर झटकत होता.

"भावजी, डॉक्टरीणबाईंच्या घरचं काम आलंय. त्या म्हणतात, दोघं भाऊ आलात तरच पाइपांना हात लावू देईन. तुमचे दादा तयार आहेत. तुमचं काय?"

दादाशी बोलून नऊ वर्षं झाली होती. रस्त्यात समोर आला तर बारक्या पलीकडच्या बाजूला जायचा. तरीही तो पटकन "येतो" म्हणून गेला. म्हटल्यावर स्वतःच चकित झाला. तसं चकित व्हायचं काही कारण नव्हतं म्हणा. एक प्रश्न नऊ वर्षं त्याच्या घशात अडकून बसला होता, आणि तो एकदा थेट दादाला विचारायचा होता: त्या दिवशी तू ब्रश मुद्दामच थांबवला नाहीस ना?

आता त्या दिवसाचं सांगायचं तर आधी धंद्याचं सांगायला हवं.

दादा तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात होता. घरांच्या भिंतींतून आणि छतांतून गरम-गार हवा नेणारे ते चौकोनी पत्र्याचे पाइप असतात ना, डक्ट म्हणतात त्यांना, ते तो बनवायचा. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "बनवणारे शंभर आहेत, साफ करणारा एक नाही. लोक वर्षानुवर्षं त्याच धुळीतून आलेली हवा खातात आणि खोकल्याचं औषध पितात." झालं. नोकरी सोडली. आईने डोक्याला हात लावला.

मशीन त्याने भंगारातून जमवलं. एक पिंप, त्यावर धूळ खेचणारा मोठा पंखा, आणि शेजारी वेगळी मोटर. त्या मोटरला एक लांबलचक वळणारी तार, तारेच्या टोकाला गोल ब्रश. मशीन खालच्या मजल्यावर मुख्य डक्टच्या तोंडाशी लावायचं. ब्रश गरगरत आतून वर सरकायचा, धूळ सोडवायचा, पंखा ती खाली ओढून घ्यायचा. दादा खाली बसायचा, एक हात तारेवर आणि एक हात बटणावर. बारक्या वरच्या खोल्यांत. एकेका खोलीची जाळी काढायची, ब्रश तिथवर आला की थांबवायला सांगायचं, हात आत घालून ब्रशला गुंडाळलेले केस, दोरे, लोकर काढायची आणि त्याला पुढच्या खोलीकडे सोडायचं.

पण सांगायचं कसं? ते मशीन असं बोंबलायचं की शेजारच्या गल्लीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. तेव्हा दादाने ठोके काढले. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. एक ठोका म्हणजे चालू. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे वळण आलंय, हळू. चार म्हणजे चहा. चार ठोके बारक्या अर्ध्या तासाने द्यायचा आणि प्रत्येक वेळी डक्टमधून दादाचा आवाज घुमत वर यायचा, "आधी काम! चहा पळून जातोय का?"

त्या आवाजाला भिऊन आईने दोघांसाठी कापसाचे बोळे वळून दिले होते. बारक्या इमानदारीत कानात घालायचा. दादाचे बोळे मात्र कायम खिशात. आई ओरडली की म्हणायचा, "मी बोळे घातले तर ह्याचे ठोके काय माझा बाप ऐकणार?" बाप भिंतीवरच्या फोटोत होता, त्यामुळे घरात त्यावर हशा पिकायचा.

काय दिवस होते ते! गल्लीतल्या पोरांनी दादाचं नाव धुळोबा ठेवलं होतं, कारण संध्याकाळी घरी येताना त्याच्या भुवयासुद्धा राखाडी असायच्या. आई दोघांना दारातच थांबवून कपडे झटकायला लावायची, आणि दोघं मुद्दाम एकमेकांवर झटकायचे. डक्टमधून काय काय निघायचं! बाहुलीचा बूट, पत्त्यांतली राणी, एकदा तर एका घरातल्या आजोबांची अख्खी कवळी. त्या घरात तीन वर्षं कवळीचा आळ मांजरावर होता. दादाने कवळी धुऊन आजोबांच्या हातात ठेवली आणि मांजरासमोर हात जोडून म्हणाला, "सुटलीस बाई तू." आजोबांना हसू आवरेना, आणि हसायला दात नुकतेच मिळाले होते.

शनिवारी काम बंद. शनिवार मशीनचा. पंख्याची पाती पुसायची, पट्ट्याचा ताण बघायचा, बेअरिंगला वंगण द्यायचं. दादा स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचा. "डावं बेअरिंग खोकतंय," म्हणायचा. उघडून बघावं तर खरंच डावं बेअरिंग गेलेलं. पुढे पुढे तो मूठ कानाला लावायच्या ऐवजी दातांत धरायला लागला. बारक्याने खूप चेष्टा केली, "घरी जेवण मिळत नाही का? स्क्रूड्रायव्हर खायला लागलास तो!" दादा नुसता हसला होता.

आणि मग तो दिवस. सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. बारक्याला नवं मशीन घ्यायचं होतं, ब्रश चालू-बंद करायचं बटण वरच्या माणसाच्याच हातात असतं तसलं. दादा म्हणाला, "ठोक्यांना बॅटरी लागत नाही." दादा एकदा अडला की अडला. बारक्याने डोक्यात राख घालून घेतली आणि बोलून गेला, "त्या खोक्याबरोबर तूही जा भंगारात!" दुपारी बारक्याने दोन ठोके दिले आणि हात आत घातला. बघायचा प्रश्नच नव्हता. एकोणतीस वर्षं दोन ठोके दिले की ब्रश थांबत होता. त्या दिवशी तो फिरत होता.

डाव्या करंगळीची वरची दोन पेरं गेली. हातातली तार अडकली तसा दादा धावत वर आला, अंगातला शर्ट काढून हाताला बांधला, दवाखान्यात नेलं. बारक्या वाटभर ओरडत होता, "दोन ठोके दिले होते ना मी? दोन!" दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण मूग गिळून बसला तो बसलाच. चुकलं म्हणाला नाही, की चुकलं नाही असंही म्हणाला नाही. पट्टी सुटली त्या दिवशी बारक्याने वेगळा धंदा मांडला. दादाने धंदाच सोडला आणि मागच्या शेडमध्ये लोकांचे पंखे आणि पंप दुरुस्त करत बसला.

तर असं हे प्रकरण. आता डॉक्टरीणबाईंच्या घरी.

बाई ऐंशीच्या पुढे गेलेल्या, पण आवाज खणखणीत. "पणती यायचीय राहायला, रांगते आता. नव्या मशीनवाले दोघं येऊन गेले. जिन्यामागच्या वळणापुढे त्यांचा ब्रश जाईना. म्हटलं, माझी जुनी जोडीच बोलावते." वहिनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. दादा जिन्याखाली वाकून जुन्या मशीनला वंगण देत होता. भुवया राखाडी होत्या, पण आता त्या झटकून काळ्या होणाऱ्या नव्हत्या. बारक्याला बघून त्याने मान हलवली. बारक्यानेही हलवली. मग कोणी काही न सांगता, पोटाचा विचार न करता, बारक्याच वर गेला.

जाळी काढली. कानात बोळे घातले. एक ठोका दिला. खाली मशीन सुरू झालं आणि जुना आवाज पायांतून वर आला, तेव्हा बारक्याला क्षणभर आईची हाक येईल असं वाटलं. वळणाशी तीन ठोके. ब्रश हळू झाला, अगदी पूर्वीसारखा. दोन ठोके. बारक्याने टॉर्च मारून नीट बघितलं आणि मगच हात घातला. ब्रश थांबलेला होता. दुसऱ्या खोलीत तेच. तिसऱ्या खोलीत तेच. एक ठोकाही चुकत नव्हता.

आणि बारक्याचं डोकं तापत गेलं. नऊ वर्षं त्याने मनाच्या कोपऱ्यात एक वेडी आशा जपली होती, की त्या गोंगाटात दादाला खरंच ऐकू आलं नसेल. आज तीही गेली. ह्या वयात एकूण एक ठोका कळतो, मग तेव्हा काय झालं होतं? म्हणजे रागाच्या भरातच! माझ्या एका शब्दापायी माझं बोट!

तीन खोल्या झाल्या की दादा मशीन बंद करून मोटर निवू द्यायचा. आजही घर शांत झालं. बारक्याने बोळे उपटले आणि धाडधाड जिना उतरला.

दादा पाठमोरा बसला होता.

"दादा."

दादा हलला नाही.

"दादा! तुझ्याशी बोलतोय मी!" एवढ्या जोरात, की डॉक्टरीणबाई दारात आल्या. दादा तसाच. बारक्या बाजूने पुढे झाला. दादाने डोळे मिटले होते. दोन्ही तळहात डक्टच्या पत्र्यावर सपाट ठेवले होते, बोटं पसरून, आणि तो पुढच्या ठोक्याची वाट बघत होता.

वहिनीने बारक्याचा दंड धरून त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"ओरडू नका, उपयोग नाही. अकरा वर्षं झाली. आधी दारावरची बेल ऐकू येईना, मग माझी हाक."

"अकरा? म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी कान अर्ध्याहून जास्त गेलेलेच होते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बटणापाशी दुसऱ्या कुणाला बसवलं असतं. ह्यांना वाटायचं, अजून निभतंय. आणि नंतर कोणत्या तोंडाने सांगायचं? कान गेलेत हे ठाऊक असून तिथे बसलो, हे ओठांवर येईना त्यांच्या. म्हणायचे, तो रागावलाय ते बरोबरच आहे, रागावू दे." वहिनीने पदर डोळ्यांना लावला. "चार वर्षं शेडमध्ये पत्र्यावर हात ठेवून शिकलेत, भावजी. बटण पायाशी घेतलंय, एक हात कायम पत्र्यावर. मी पलीकडून चमच्याने ठोकायची. एक, दोन, तीन. चुकले की पुन्हा. मी वैतागून विचारलं, कशासाठी हा खटाटोप? तर म्हणाले, एकदा तरी त्याच्याबरोबर काम करायचंय आणि दोन ठोक्यांना थांबायचंय."

दातांत धरलेला तो स्क्रूड्रायव्हर बारक्याला आठवला, आणि आपण केलेली चेष्टा आठवली. मग खिशातले ते बोळे आठवले. एकोणतीस वर्षं त्या बोंबलणाऱ्या मशीनपाशी दादा उघड्या कानांनी बसला होता. कशासाठी, तर बारक्याचे ठोके ऐकू यावेत म्हणून. ह्याचे कान शाबूत होते, कारण ह्याने बोळे घातले होते. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडला. बाईंनी काही न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाहेर आला तेव्हा दादा वळून बघत होता. त्याने भावाचे डोळे बघितले, मागे बायकोचा चेहरा बघितला आणि काय ते समजला.

"सांगितलं वाटतं हिने," तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "ठाऊक असून बसलो रे मी. माझं चुकलं."

बोलून पोहोचणार नव्हतं. बारक्या परत जिना चढला.

शेवटची खोली पणतीची होती. कोपऱ्यात पाळणा मांडून ठेवलेला. बारक्याने जाळी काढली आणि एक ठोका दिला. खाली मशीन बोंबललं, पण ह्या वेळी त्याने बोळे घातले नाहीत. ब्रश सरसरत जवळ आला. त्याने दोन ठोके दिले. मग टॉर्च विझवून खिशात टाकला, आणि न बघता डावा हात, तोच आखूड करंगळीचा, अंधारात आत घातला.

ब्रश थांबलेला होता.

त्याने सावकाश केसन् केस सोडवला. काम अजून बाकी होतं, जाळ्या बसवायच्या होत्या, पिंप रिकामं करायचं होतं. तरी बारक्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पत्र्यावर चार ठोके दिले.

खालून पंख्याच्या आवाजावर ताण करत डक्ट दणाणला, "आधी काम! चहा पळून जातोय का?"