मोहाखालची उताणी टोपली

"पालथी करा, सर! आधी ते टोपली पालथी करा!"

एप्रिलची दुपार, सिंदेवाहीतलं आमचं कनिष्ठ महाविद्यालय, कवितेचा तास. वर्गाच्या मधोमध उभी राहून चाळिशीची एक बाई माझ्यावर ओरडत होती. मास्तरकीच्या बावीस वर्षांत माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं, कारण माझ्याच आवाजापुढे कोणाचा ऐकू जात नाही. मी अलंकार शिकवायला लागलो की पलीकडच्या धानाच्या बांध्यांतले बगळे उडतात. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा.

बाई जवळच्या गावी अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका व्हायचं तर बारावी हवी, म्हणून बाहेरून परीक्षेला बसलेली. बाकी विषय सुटले होते, मराठीत दोनदा आपटली होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे जुलैची फेरपरीक्षा हीच शेवटची. म्हणून सुट्टीतही मी तिच्यासह सहा जणांचा जादा तास घेत होतो.

कविता साधी. एक बाई झुंजूमुंजू होताच मोहफुलं वेचायला जाते. दुसऱ्या कडव्यात पाखरं गप्प होतात. तिसऱ्यात दुपार होते, झाडाखाली रिकामी टोपली आहे आणि तिच्यात वारा घुमतो. बस. परीक्षेत चार गुणांचा प्रश्न हमखास: रिकामी टोपली कशाचं प्रतीक? उत्तर गाइडात छापलेलं: स्त्रीच्या आयुष्यातल्या रितेपणाचं. बाईनं दोन्ही वेळा हाच प्रश्न कोरा सोडला होता आणि दोन्ही वेळा दोन-तीन गुणांनीच गेली होती.

प्रतिमा डोळ्यांसमोर हवी, म्हणून मी बाजारातून बांबूची कोरी टोपली आणून टेबलावर ठेवली होती. तोंड वर करून.

"काऊन ओरडता, बाई? टोपली आहे, नाग नाही," मी म्हणालो.

"आमच्याकडे जो वेचून राह्यला, अजून उठला नाई, त्याचीच टोपली उताणी असते, सर. उठला का पालथी करते. वेचणारा नसताना उताणी ठेवली, तं वेचणारा येते."

पोरं हसली. ती हसली नाही. मग तिनं खाली बसून, जणू हजेरी सांगावी तसं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तिची माय मोहाला गेली होती. टोपली सापडली, माय सापडली नाही. टोपली अजून तिथंच आहे, उताणी. ती पालथी करायचा हक्क लेकीचा, आणि लेकीनं ती केली नव्हती. केली की माय वेचून उठली असं म्हटल्यासारखं. वाळवीनंही तिला तोंड लावलं नव्हतं म्हणे. आमच्याकडची वाळवी सिमेंटच्या पोत्याला सोडत नाही, म्हणून हे मला जरा खटकलं.

"आणि ते पाखरं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं, बाईच्या दुःखात निसर्ग गप्प झाला. पण बाई तं तिसऱ्या कडव्यात नाई दिसत. पाखरं दुसऱ्यातच गप्प आहेत. पहिले पाखरं गप्प होतात, मंग जनावर येते. हे दुःख नाई, सर. हे तं झालं कसं, ते लिवलं आहे."

बावीस वर्षं मी त्या ओळीवरून बैलगाडी हाकल्यासारखा गेलो होतो. कविता तीच, अक्षर तेच, आणि आता तिच्यात एक जनावर दबा धरून बसलेलं होतं. कवीनं त्याचा शब्दही काढला नव्हता. आमच्या गावांतही वाघाचं नाव कोणी घेत नाही, जनावरच म्हणतात.

पण मी हरणारा नाही. आजवर सतरा वाघ पाहिलेत, त्यातले दोन मला बघून आडवाटेनं गेले. "टोपली अशीच राहील!" मी गर्जलो. "प्रतिमा कोणाला खात नसते!" टोपली उताणीच ठेवून मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

सकाळी सातला मीच कुलूप उघडलं. आवारात एक कडुलिंब आणि दोन गुलमोहर. मोहाचं झाड पार नदीपलीकडे. टोपलीत मोहाची तीन फुलं होती. ताजी, दवानं ओली. खोलीत तो गोडसर, आंबूस वास.

मी गोष्टी फुगवतो, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. ससा सांगितला तर लोक उंदीर समजतात. ही गोष्ट मी पन्नासदा सांगितली असेल, पण फुलं तिनाची चार झाली नाहीत. तोंडातून निघतच नाही.

आणि बाहेर, कडुलिंबावर, एकही पाखरू बोलत नव्हतं.

बाई आली, दारात थबकली. माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं फुलं उचलली, पदराच्या गाठीत बांधली आणि टोपली पालथी केली.

"पोरांचा चावटपणा असेल," मी म्हणालो. आवाज बगळा उडवण्याइतका निघाला नाही.

"मोहाखालची टोपली रिकामी राह्यतच नाई, सर," ती म्हणाली. "वेचणारा नसला तं झाडच तिले भरते. ज्यानं कविता लिवली, त्यानं मोह पाह्यला नसन." आणि गेली. दोन दिवस तासाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पुढच्या बाकावर बसली, सगळं उतरवून घेतलं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. बाई पास. पेढा द्यायला आली तेव्हा मला राहवेना. तिनं खरं लिहिलं असेल तर परीक्षकानं गुण दिले कसे? आणि गाइडातलं लिहिलं असेल तर हात वळला कसा?

"टोपलीचं काय लिहिलंत, बाई?"

"रिकामी आहे म्हणून लिवलं. मायचीही पालथी करून आली. पालथी केल्यावर रिकामीच होते ना, सर."